पोड, तांडा आणि बेडा : यवतमाळ जिल्ह्यातील विश्वासाची वाट

यवतमाळ जिल्हा कापसासाठी आणि दुर्दैवाने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी सर्वांना परिचित आहे. या जिल्ह्याची आणखी एक ओळख मात्र फारशी सांगितली जात नाही. येथे मराठीच्या बरोबरीने गोंडी, कोलामी आणि गोरबोली या भाषा नांदतात. दक्षिण सीमेवर तेलुगूही कानी पडते. गोंडी व कोलामी या द्राविडी कुळातील भाषा आहेत, तर बंजारा समाजाची गोरबोली आर्य भाषाकुळातील आहे.

१९५५ साली स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात हा जिल्हा मोडतो. येथे कॅथलिक भाविकांची संख्या अल्प आहे. आपल्याहून भिन्न भाषा, देवधर्म आणि चालीरीती असलेल्या समाजांशी अल्पसंख्य ख्रिस्तसभेने विश्वासाचे नाते कसे जोडावे, या प्रश्नाचा येथे थोडक्यात विचार करीत आहोत.

वस्त्यांची ओळख

कोलाम समाजाच्या वस्तीला ‘पोड’ म्हणतात. केंद्र शासनाने विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून मान्य केलेल्या महाराष्ट्रातील तीन जमातींपैकी कोलाम ही एक आहे. कातकरी आणि माडिया गोंड या अन्य दोन होत. पोडाच्या मध्यभागी चावडी असते. वस्तीचे निर्णय तेथे होतात आणि त्या जागेचे पावित्र्य कसोशीने राखले जाते. नाईक आणि महाजन यांच्या शब्दाला पोडात मान असतो.

बंजारा समाजाच्या वस्तीला ‘तांडा’ म्हणतात. तेथे नाईक आणि कारभारी हे प्रमुख असतात. १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असलेले वसंतराव नाईक हे पुसद तालुक्यातील गहुली येथील याच समाजाचे सुपुत्र. पारधी समाजाच्या वस्तीस या भागात ‘बेडा’ म्हणतात.

हे समाज एकमेकांपासून तुटून राहिले आहेत, असेही नाही. कोलाम हे या भूमीचे जुने रहिवासी, म्हणून स्थानिक देवतांच्या पूजेसाठी गोंड लोक कोलाम पुजाऱ्यास पाचारण करीत आले आहेत. गोंडांच्या कुळकथा जतन करण्याचे कार्य परधान समाजाकडे आहे. किंगरीच्या साथीने ते या कथा गातात. भाषा वेगळी, रीत वेगळी, तरी विश्वासाची देवघेव येथे आपल्या आगमनापूर्वीपासून चालत आलेली आहे, हे आपण प्रथम ध्यानी घेतले पाहिजे.

अविश्वासाची कारणे

बाहेरून आलेल्या माणसाकडे पोडात वा बेड्यात संशयाने पाहिले जात असेल, तर त्यास इतिहास आहे. ब्रिटिश राजवटीत जंगले राखीव झाली आणि डोंगरउतारावरील फिरती शेती बंद पडली. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवर कोलाम आणि गोंड अतिक्रमणदार ठरले. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आणि त्याचा पुढे झालेला विस्तार यांमुळे पारध्यांसह अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का बसला. १९५२ साली हा कायदा रद्द झाला, परंतु समाजमनातील शिक्का पुसला गेला नाही.

म्हणून विश्वास ही एकतर्फी गोष्ट नव्हे. त्यांनी आपल्यावर विश्वास ठेवावा, अशी अपेक्षा आपण सहज करतो. पारध्याच्या मुलाला आपल्या शाळेत, आपल्या मुलाच्या शेजारी बसवताना आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो काय, हा प्रश्न मात्र आपण स्वतःस क्वचितच विचारतो.

पैनगंगेपलीकडील एक धडा

यवतमाळच्या दक्षिणेस पैनगंगा ओलांडली की आदिलाबादचा प्रदेश लागतो. पूर्वी तो हैदराबाद संस्थानात होता. जमिनीच्या व जंगलाच्या हक्कांसाठी तेथे गोंडांनी उठाव केला आणि १९४० साली त्यांचे नेते कुमरम भीम मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे आदिवासींच्या परिस्थितीचा अभ्यास सोपविला.

ते पत्नी बेटी यांच्यासह मारलावाई या गोंड खेड्यात राहिले आणि त्यांनी गोंडांची भाषा आत्मसात केली. १९४३ साली तेथे शिक्षक प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. गोंडी भाषेतील पाठ्यपुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली आणि गोंड तरुणच शिक्षक झाले. शाळा बाहेरून आली, पण तिची भाषा आणि तिचे गुरुजी गावचे होते. १९८७ साली बेटी यांचे निधन झाल्यावर त्यांना मारलावाईतच मूठमाती देण्यात आली. गावाने त्यांना आपले मानले, याहून मोठे प्रमाणपत्र कोणते?

ख्रिस्तसभेची शिकवण

अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आपल्या घोषणापत्रात स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या धर्मस्वातंत्र्याविषयीच्या घोषणापत्राने श्रद्धेच्या प्रसारात बळजबरीचा वा अनुचित प्रलोभनाचा भासही होऊ नये, असे बजावले. गरीब आणि अशिक्षित लोकांच्या बाबतीत तर हे पथ्य विशेषत्वाने पाळावे, असा त्याचा आग्रह आहे. आशियातील महागुरुस्वामींच्या महासंघाने १९७४ साली तैपेई येथे गरिबांशी, संस्कृतींशी आणि धर्मांशी संवाद अशी त्रिविध दिशा दाखविली.

मराठी ख्रिस्ती परंपरेला ही दिशा नवखी नाही. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, मराठी शिकले आणि १६१६ साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ ओवीबद्ध मराठीत प्रसिद्ध झाले. बोलण्यापूर्वी ऐकणे आणि शिकवण्यापूर्वी शिकणे, हाच त्यांचा कित्ता होय.

धर्मग्रामांनी काय करावे?

पहिली गोष्ट, निर्णय चावडीवर व्हावा. हातपंप कोठे बसवावा, शिवणवर्ग हवा की बियाणे हवे, हे धर्मग्रामाच्या कार्यालयात ठरवून पोडात नेले, तर मदत पोहोचते, परंतु भागीदारी निर्माण होत नाही. नाईक, महाजन, महिला आणि तरुण यांच्याशी आधी बोलावे. त्यांनी नकार दिला तर तोही मान्य करावा.

दुसरी गोष्ट, कायद्याने दिलेल्या हक्कांना साथ द्यावी. १९९६ च्या पेसा कायद्यामुळे अनुसूचित क्षेत्रात पाड्याला वा पोडालाही स्वतःची ग्रामसभा मिळू शकते. जिल्ह्याच्या काही तालुक्यांतील गावे या क्षेत्रात येतात. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार दाव्यांची सुरुवात ग्रामसभेपासून होते आणि पुराव्यांमध्ये वडीलधाऱ्यांच्या लेखी जबाबालाही स्थान आहे. ज्या वृद्धाच्या शब्दाला एकेकाळी कचेरीत किंमत नव्हती, त्याचा शब्द आज पुरावा ठरतो. असे जबाब लिहून घेणे, कागद वाचून दाखविणे, तालुक्याच्या ठिकाणी सोबत जाणे, ही कामे आपले शिक्षित तरुण सहज करू शकतील.

तिसरी गोष्ट, भाषेचा मान राखावा. बालवाडीत कोलामी वा गोरबोली बोलणारी ताई असेल, तर मूल पहिल्या दिवशी रडत परतणार नाही.

चौथी गोष्ट, हिशेब उघडा ठेवावा. पैसा कोठून आला, किती खर्च झाला आणि काम केव्हा संपणार, हे वस्तीसमोर सांगावे. सेवेमागे हेतू कोणता, असे कोणी विचारल्यास रागावू नये. त्या प्रश्नाचे उत्तर भाषणाने देता येत नाही. सेवा स्वीकारणाऱ्याने आपला धर्म बदलला नाही, आपले उपकारही मानले नाहीत, तरीही आपण पुढच्या पावसाळ्यात त्याच्या दारी गेलो, तर उत्तर आपोआप मिळते.

शुभवर्तमानातील दयाळू शोमरोनी माणसाने जखमी वाटसरूला त्याची जात वा त्याचे मंदिर विचारले नाही. आपण मात्र त्या दाखल्यात नेहमी स्वतःला शोमरोन्याच्या जागी पाहतो. पोडाची वाट तुडवताना ऊन लागले, पाणी संपले आणि कोलाम माउलीने तांब्या पुढे केला, तर तेथे वाटसरू आपण असतो आणि शेजारधर्म ती पाळत असते. भागीदारीचा आरंभ त्या तांब्याचा मनःपूर्वक स्वीकार करण्यात आहे, असे आम्हांस वाटते.