सफारीच्या सामानातला कॅमेरा

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



"आफ्रिकेला चाललोय, कोणता कॅमेरा नेऊ?" हा प्रश्न मला दर वर्षी जूनमध्ये येतो. जुलैपासून मसाई मारात विल्डबीस्टचे कळप उतरायला लागतात, इकडे पुण्या-मुंबईहून गट निघतात, आणि निघायला पंधरा दिवस उरले की कोणाला तरी आठवतं, आपली लेन्स लहान आहे. आता मी काही दुकानदार नाही, छायाचित्रणाच्या इतिहासात रमणारा माणूस आहे. म्हणून आज उत्तर जरा लांबून देणार आहे. साधारण दीडशे वर्षं लांबून.

सफारी हा शब्द स्वाहिली. त्याचा अर्थ नुसता प्रवास. स्वाहिलीत तो अरबीतून आला, आणि आपल्या मराठीतला सफर किंवा मुसाफिर त्याच कुळातला. म्हणजे मुळात त्यात ना शिकार आहे, ना फोटो. इंग्रजी बोलणाऱ्या शिकाऱ्यांनी त्याला बंदूक चिकटवली, आणि कॅमेरा त्या बंदुकीच्या मागे मागे आला. इंग्रजीत फोटोही 'शूट' करतात. आपण मात्र फोटो 'काढतो', रांगोळी काढावी तसा. हे मला नेहमी बरं वाटतं, पण त्यामुळे आपण काही निर्दोष ठरत नाही. त्याकडे शेवटी येतो.

सुरुवातीला जिवंत जनावराचा फोटो काढायची सोयच नव्हती. १८६१-६२ साली जेम्स चॅपमन हा व्यापारी आणि टॉमस बेन्स हा चित्रकार व्हिक्टोरिया धबधब्याकडे निघाले. चॅपमनकडे कॅमेरा होता, पण तो काळ ओल्या काचेचा. काचेवर कलोडियन ओतायचं, सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायचं, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत तंबूत नेऊन धुवायची. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. जिथे प्यायला पाणी नाही तिथे धुवायला कुठलं आणणार? धूळ तर विचारूच नका. एवढं करून प्रकाश पडायला काही सेकंद लागायचे, तेवढा वेळ कोणतं हरीण उभं राहणार? त्यामुळे त्या काळात आफ्रिकेतल्या मोठ्या जनावराचा फोटो म्हणजे बहुधा मेलेल्या जनावराचा फोटो. आधी गोळी, मग कॅमेरा.

कोरड्या काचा १८७०च्या दशकाच्या शेवटी बाजारात आल्या, आणि १८९१ साली दूरचं जवळ आणणारी टेलिफोटो लेन्स आली. गंमत म्हणजे ती इंग्लंड-जर्मनीत तिघांनी स्वतंत्रपणे, एकाच वर्षी तयार केली. या दोन गोष्टी हातात आल्यावर जो माणूस पूर्व आफ्रिकेत गेला, त्याच्यापाशी आपण जरा थांबू.

कार्ल गेओर्ग शिलिंग्ज. जर्मन, मुळात शिकारी. आजचा टांझानिया तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता. तिथे विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत त्याने रात्रीच्या जनावरांचे फोटो काढले आणि १९०५ साली पुस्तक छापलं. पुस्तकाच्या नावातच झगमगाट आणि बंदूक शेजारी शेजारी आहेत. बर्लिनच्या ग्योर्त्स कंपनीने त्याच्यासाठी खास रात्रीचं यंत्र बनवलं होतं. पाण्याच्या वाटेवर एक तार ताणायची. जनावराचा पाय लागला की मॅग्नेशियमची भुकटी पेटते, भक्कन उजेड, मोठा आवाज, धुराचा लोट, आणि त्याच क्षणी कॅमेऱ्याची झडप उघडते. एका रात्री एका यंत्राचा एकच फोटो. भुकटी दमट झाली तर तोही नाही, आणि कोरडी असली तर ती हातात फुटायची भीती.

पण सिंह बरोबर त्याच जागी येईलच कसा? त्यासाठी कॅमेऱ्यासमोर गाढव किंवा बैल बांधलेला असे. त्या पुस्तकातली गाजलेली छायाचित्रं पाहाल तेव्हा सिंहिणीकडे बघून झाल्यावर त्या बांधलेल्या जनावराकडेही बघा. फोटोची खरी किंमत त्याने मोजलेली आहे.

आणि हे सगळं वाहून कोण नेत होतं? शिलिंग्जच्या तांड्यात शंभराहून जास्त हमाल होते. पूर्व आफ्रिकेत हमालाच्या एका ओझ्याचं माप ठरलेलं होतं, साठ पौंड, म्हणजे साधारण २७ किलो. काचेच्या प्लेटा, रसायनं, भुकटी, लाकडी कॅमेरे, सगळं त्या मापात बांधलेलं, माणसांच्या डोक्यावर. छायाचित्रकाराचं नाव पुस्तकावर आलं, त्या माणसांची नावं शोधत बसावी लागतात. आता आजचा हिशोब सांगतो: माराला किंवा सेरेंगेटीला नेणाऱ्या बहुतेक छोट्या विमानांत तुम्हाला मिळतात साधारण १५ किलो, तेही मऊ पिशवीत, आणि कपड्यांसकट. एका हमालाच्या ओझ्याच्या जेमतेम निम्मे. तेव्हा मोठ्या लेन्सचं स्वप्न बघताना आधी घरच्या वजनकाट्यावर चढा.

तरी शिलिंग्जला मी नुसता खलनायक करणार नाही. आफ्रिकेतली जनावरं संपत चालली आहेत, हे युरोपात कळकळीने सांगणाऱ्यांत तो होता. स्वतः भरपूर मारून झाल्यावर, हेही खरं.

१९०९ साली अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मोंबासाला उतरले. बरोबर मुलगा कर्मिट, आणि मोहिमेचा छायाचित्रकारही तोच. बापलेकांनी मिळून ५१२ जनावरं मारली. त्याच वर्षी रॅडक्लिफ डगमोर तिथे फोटोंसाठी म्हणून गेला होता, आणि चेरी कीर्टन हा इंग्रज चलच्चित्राचा कॅमेरा घेऊन फिरत होता. एकाच मुलखात एकाच वेळी दोन्ही तऱ्हेची माणसं. पण कॅमेरेवाल्याच्या शेजारीही बंदूकधारी उभा असायचाच. कारण लेन्सची ताकद कमी, म्हणून जवळ जायचं. जवळ गेलं की गेंडा अंगावर येतो. आला की गोळी घालायची. बघा हं, गेंडा मरतो तो अप्रत्यक्षपणे लेन्स कमी पडली म्हणून.

त्याच सुमारास आफ्रिकेत एक प्राण्यांना पेंढा भरणारा कलाकार होता, कार्ल एकली. १९१० साली नांदी लोक भाल्यांनी सिंह मारतात त्याचं चित्रीकरण करायचं त्याने ठरवलं. तेव्हाचा कॅमेरा म्हणजे तिपाईवरची जड पेटी. एका हाताने दांडा फिरवून फिल्म चालवायची, आणि कॅमेरा वळवायचा तर वेगळे दांडे. कॅमेरा वळून स्थिर होईपर्यंत सगळं आटोपलं होतं. दुसरा कोणी चडफडत घरी गेला असता. या माणसाने परत जाऊन स्वतःच कॅमेरा बनवला. १९१५ साली त्याचं पेटंट मिळालं.

तो कॅमेरा गोल आहे, थालीपीठासारखा. अमेरिकेत त्याला 'पॅनकेक'च म्हणायचे. आत दात्यांची चाकं आणि गती सांभाळणारं जड चक्र, त्यामुळे एका हाताने तो डावी-उजवीकडे, वर-खाली सुळकन वळायचा, धक्का न बसता. फोटो घेणारी एक लेन्स आणि तिच्या जोडीला तशीच दुसरी, बघण्यासाठी. म्हणजे पळणारं जनावर चौकटीत आहे की नाही हे फिल्म चालू असताना दिसायचं. प्रकाशही नेहमीच्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त आत यायचा. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने तो वापरला, पुढे बातमीपटवाल्यांनी. आज तुम्ही ट्रायपॉडवर जे तेलासारखं मऊ फिरणारं डोकं लावता, त्याच्या घराण्यात हा पूर्वज आहे.

१९२१ साली एकलीने याच कॅमेऱ्याने जंगलातल्या डोंगरी गोरिलांचं चित्रीकरण केलं. त्याच सफरीत न्यूयॉर्कच्या संग्रहालयासाठी गोरिला मारलेही. आणि मग याच माणसाने बेल्जियमच्या राजाकडे धरणं धरलं, १९२५ साली गोरिलांसाठी राष्ट्रीय उद्यान झालं. पुढच्या वर्षी त्याच डोंगरांत तो वारला, आणि तिथेच पुरला गेला. एका माणसात हे सगळं मावतं. मला तो अजून नीट उलगडलेला नाही.

एकलीचे कॅमेरे घेऊन मार्टिन आणि ओसा जॉन्सन हे जोडपं १९२४ ते १९२७ उत्तर केनियात मार्साबितच्या तळ्याकाठी राहिलं. कोडॅकचे जॉर्ज ईस्टमन त्यांच्या पाठीशी. तिथे घर, बाग, आणि फिल्म धुवायची अंधारी खोली. उन्हात फिल्म खराब होते म्हणून धुवायचं काम तिथेच. मार्टिन दांडा फिरवायचा, ओसा शेजारी बंदूक रोखून. पडद्यावर लोकांना धावून येणारं जनावर हवं असे, मग ते धावून येईल अशी व्यवस्था केली जाई. पुढचं तुम्ही ओळखलंच.

हे चित्र बदललं ते कॅमेऱ्याने नव्हे, मोटारीने. सिंहाला उभा माणूस ओळखता येतो, मोटारीत बसलेला माणूस त्याच्या लेखी मोटारच. शिकाऱ्यांना हे आधी कळलं. मोटारीतून सिंह मारणाऱ्यांविरुद्ध डेनिस फिंच हॅटन या शिकारी-मार्गदर्शकाने लंडनच्या 'टाइम्स'मध्ये लिहिलं. पण कॅमेरेवाल्यांना मोटार म्हणजे चालती मचाण मिळाली. तिपाई गेली, खिडकी आली. खिडकीवर लेन्स टेकायला धान्याची पिशवी आली. ती आजही सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी वस्तू आहे. रिकामी न्या, तिकडे तांदूळ किंवा राजमा भरा, येताना तो धान्यासकट तिथल्या स्वयंपाकघरात द्या. आणि चालकाला इंजिन बंद करायला सांगा, नाहीतर पिशवीचा उपयोग नाही.

फिल्मची एक गोष्ट सांगतो, कारण त्यात आकडे आहेत आणि मला आकडे आवडतात. १९६१ची रंगीत कोडाक्रोम फिल्म २५ वेगाची. भर उन्हात ४०० मिलिमीटरची लेन्स ५.६वर उघडली तर झडप मिळायची सेकंदाच्या दोनशेव्या भागाची. पहाटे, उजेड सोळाव्या हिश्श्यावर आला की साधारण बाराव्या भागाची. तेवढ्यात सिंहिणीची मान हलून फोटो पुसट होतो. जुन्या मासिकांत सिंह भर दुपारी झाडाखाली लोळलेले का दिसतात, त्याचं निम्मं कारण मला वाटतं हे आहे. निम्मं कारण सिंह तसेच असतात. (हशा) आज तुम्ही ३२०० ठेवता, म्हणजे १२८ पट. तीच पहाट, तीच लेन्स, आणि झडप दीड हजाराव्या भागाची. म्हणून सांगतो, पैसे मोजके असतील तर लेन्स आधी, नवा कॅमेरा नंतर. गेल्या दहा वर्षांतला कोणताही बरा कॅमेरा पहाट झेलतो.

१९७७ साली केनियाने शिकार बंद केली. बंदूक सामानातून गेली, छप्पर उघडणाऱ्या मिनीबसमधून आपण आलो. मग आता कोणाला इजा होत नाही, असं म्हणावं ना? २०१८ साली मसाई मारातल्या चित्त्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथे पर्यटक कमी, तिथे चित्त्याची मादी सरासरी २.३ पिल्लं मोठी करते. जिथे पर्यटकांची गर्दी, तिथे ०.२. चित्ता दिवसा शिकार करतो, म्हणजे आपल्याच वेळेत, आपल्याच गाड्यांमध्ये.

मी त्या गाड्यांत होतो. माझ्याकडे २५०पर्यंतची लेन्स होती, आणि गवतात दबा धरलेला चित्ता मला चौकटीत चिमुकला दिसत होता. मी चालकाला म्हणालो, थोडं पुढे घ्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि घेतली. टीप द्यायची आम्ही, ते काय बोलणार? बाकीच्या गाड्याही सरकल्या. पलीकडची हरणं उधळली आणि चित्ता उठून चालू लागला. त्याचा चालतानाचा फोटो माझ्याकडे आहे, चांगला आलाय. मी तो दाखवत नाही.

म्हणून लेन्सचं माझं उत्तर असं. २००ने जे २० मीटरवरून मिळतं, तेच ४००ने ४० मीटरवरून मिळतं. तेवढी ४०० न्या, किंवा १००-४०० सारखी. विकत नको, भाड्याने मिळते. ६००च्या नादी लागू नका. दहा वाजल्यावर जमिनीतून वाफा उठतात, त्या मृगजळात ती लांबचं काही धड दाखवत नाही, आणि हत्ती गाडीशेजारी आला की नुसता डोळा दिसतो. नदी ओलांडणाऱ्या कळपाला तर मोबाइलही चालतो. एका जनावराभोवती पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत, असा मारात नियम आहे. सहावी गाडी आपली असेल तर चालकाला आपणच सांगायचं, राहू द्या.

धुळीचं राहिलंच. प्लास्टिकच्या पिशव्यांत लेन्स गुंडाळून नेऊ नका, केनियात २०१७पासून आणि टांझानियात २०१९पासून त्यांना बंदी आहे. घरचे जुने उशीचे अभ्रे न्या, सुती, दोन-तीन.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेत हात वर आहे, बोला ताई.