'हायड्रोजेल' : एका संज्ञेचे अर्थांतर

हायड्रोजेलच्या इतिहासाचा आरंभ सामान्यतः १९६० पासून केला जातो. त्या वर्षी प्राग येथील ओटो विख्टर्ले व द्राहोस्लाव्ह लिम यांनी पाणी शोषून फुगणाऱ्या, परंतु पाण्यात न विरघळणाऱ्या बहुवारिकाचे वर्णन प्रसिद्ध केले. मऊ स्पर्शभिंगे त्यातूनच निर्माण झाली. कित्येक आढाव्यांत खुद्द संज्ञेचे मूळ १८९४ मध्ये, डच रसायनज्ञ व्हान बेमेलेन यांच्या लेखनात दाखविलेले आढळते. हे मत ग्राह्य नाही. संज्ञा १८६४ मधील असून ती टॉमस ग्रॅहम यांची आहे.

ग्रॅहम हे त्या काळी लंडनच्या सरकारी टांकसाळीचे प्रमुख होते. पडद्यातून सहज पाझरणारी द्रव्ये आणि न पाझरणारी द्रव्ये असा भेद करून त्यांनी १८६१ मध्ये दुसऱ्या वर्गास 'कोलॉइड' हे नाव दिले. ग्रीक 'कोल्ला' म्हणजे सरस. (मराठीतील 'कलिल' ही प्रतिसंज्ञा ध्वनीने जवळची खरी; पण संस्कृतात तिचा अर्थ मिश्रित, गहन असा आहे. सरसाचा चिकटपणा तीत नाही.) पुढे सिलिसिक अम्लाच्या थलथलीत गोळ्याचे परीक्षण करताना, त्यातील पाणी काढून त्या जागी दुसरा द्रव भरता येतो व गोळा मात्र अभंग राहतो, असे त्यांना आढळून आले. अशा पदार्थांस नावे द्यावयाची तर ती कशावरून? ग्रॅहम यांनी उत्तरपद 'जेल' घेतले. ते 'जिलेटिन'चे तोडलेले रूप असून त्याच्या मुळाशी गोठणे या अर्थाचा लॅटिन धातू आहे. पूर्वपद आतील द्रवाचे : पाणी असल्यास हायड्रोजेल, मद्यार्क असल्यास अल्कोजेल, गंधकाम्ल असल्यास सल्फाजेल. सांगाडा तोच, निवासी तेवढा बदलता.

विख्टर्ले यांच्यानंतर हा अर्थ फिरला. 'हायड्रोजेल' म्हणजे परस्परांत गुंफलेल्या बहुवारिक साखळ्यांचे जाळे, अशी व्याख्या रूढ झाली. पूर्वपदाकडून भर सांगाड्याकडे गेला आणि ज्या सिलिकेवरून नाव पडले तीच व्याख्येबाहेर राहिली.

ऊर्जासंचयाच्या इतिहासात ही उणीव विशेष जाणवते. प्लान्ते यांनी शिशाचा संचायक घट १८५९ मध्ये सिद्ध केला होता. त्यातील अम्ल सांडत असे. १९५७ मध्ये जर्मनीत ओटो याखे यांनी सिलिका मिसळून ते अम्ल गोठविले. त्या जेलास पडणाऱ्या सूक्ष्म भेगांतून धन पट्टीवरील ऑक्सिजन ऋण पट्टीकडे जातो, तेथे त्याचे पुन्हा पाणी होते आणि घटात वरचेवर पाणी घालावे लागत नाही. सिलिकेच्या जाळ्यात विरल गंधकाम्ल, म्हणजे ग्रॅहम यांच्या परिभाषेत हायड्रोजेल व सल्फाजेल यांच्या सीमेवरील पदार्थ! ग्रॅहम यांना घटाची कल्पना सुचली होती असे यावरून ठरत नाही. मात्र केवळ बहुवारिकांपासून आरंभ करणाऱ्या इतिहासात या घटास जागाच उरत नाही.

जलशुद्धीकरणात तर वस्तू नावाहूनही जुनी आहे. लोहाच्या जलयुक्त ऑक्साइडाचा ताजा साका सोमलावर उतारा ठरतो, हे बुन्सेन व बेर्टहोल्ड यांनी १८३४ मध्येच दाखविले; पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिक काढण्यासाठी आज याच आकर्षणाचा उपयोग केला जातो. पावसाळ्यातील गढूळ पाण्यात तुरटी फिरविली असता गाळास घेऊन तळाशी बसणारा ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा बुळबुळीत साका हाही ग्रॅहम यांच्या अर्थाने हायड्रोजेलच होय. शिसे व तांबे धरून ठेवणारे अल्जिनेटचे मणी अलीकडच्या संशोधनात नवे म्हणून मांडले जातात. त्यांत सांगाडा समुद्रशैवालाचा आहे, एवढाच फरक.