कात्रजचा नळ व पुण्याची पाण्याची तजवीज

खडकवासल्याचें धरण 1876-78 च्या दुष्काळामुळें झालें, असें कित्येक समजतात. हें कालानुक्रमास धरून नाहीं. त्याचें काम 1868 मध्यें सुरू होऊन 1879 मध्यें पुरें झालें. दुष्काळ मध्यें आला.

राज्यकर्त्यांनीं केलेली पाण्याची तजवीज तर याहून बरीच जुनी. नानासाहेब पेशव्यांनीं अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजच्या तलावांचें पाणी जमिनीखालील बांधीव नळानें पुण्यांत आणिलें. मोट नाहीं, रहाट नाहीं. केवळ उताराच्या जोरावर तें शनिवारवाड्यांत व शहरांतील हौदांत पोंचे. नळांत कोंडलेली हवा निघून जावी म्हणून वाटेंत उच्छ्वास बांधिले. पुढें नाना फडणविसांनीं आंबेगावाकडून दुसरा नळ आणून सदाशिव पेठेंतील हौद भरविला. हा सारा वाड्याचा थाट, असें म्हणणारांनीं पेठांतले हौद एकदां पाहावे!

तथापि यास दुष्काळनिवारणाची योजना म्हणण्यास आम्ही धजत नाहीं. तलावांत पाणी जवळच्या डोंगरांवरील पावसाचें. तो कमी तर नळाचा ओघहि कमी. खडकवासल्यास मुठेचा प्रवाहच अडवून शहर व शेती या दोहोंस कालव्यानें पाणी दिलें, हा खरा भेद होय.

उच्छ्वास नव्या इमारतींखालीं नाहींसे होत आहेत. ज्यांच्या दप्तरांत नळदुरुस्तीच्या खर्चाचे कागद असतील, त्यांनीं नकला मंडळाकडे धाडाव्या.