विकणे आहे : फोर्डचा जुना ट्रक, 'एकदम ओरिजिनल'

दोन-तीन दिवसांपासून आपल्या भागातल्या ग्रुपांवर एक जाहिरात फिरतेय. 'विंटेज फोर्ड ट्रक विकणे आहे. शंभर वर्षं जुना. एकदम ओरिजिनल. किंमत फोनवर.' सोबत फोटो. खाली कमेंटांचा पाऊस. एकाला तो हॉटेलसमोर उभा करायचाय, एकाला प्री-वेडिंगच्या शूटिंगसाठी पाहिजे. आणि मला विचारणा, 'भाऊ, शंभर वर्षांपूर्वी ट्रक होते तरी का आपल्याकडं?'

होते. फोटोत पायाशी तीन पेडल आणि स्टिअरिंगखाली दोन दांड्या दिसतायत. चाकांचे आरे लाकडी. ही फोर्डच्या मॉडेल टीटीची लक्षणं. हा ट्रक १९१७ साली अमेरिकेत आला आणि १९२७ पर्यंत बनत राहिला. फोर्डची जी प्रसिद्ध मॉडेल टी मोटार, तिचंच वीस हॉर्सपॉवरचं इंजिन, पण चेसिस लांब आणि मागचा धुरा दणकट. वजन न्यायचं एक टन. आजचा छोटा हत्ती पाऊण टन नेतो, त्यावरून अंदाज करा. वेग ताशी तीस-पस्तीस किलोमीटर, त्यापुढं पळवायचा नाही.

चालवणं मात्र आजच्या ड्रायव्हरला जमणार नाही. ॲक्सिलरेटर पायात नाहीच, तो हातातल्या दांडीवर. मधलं पेडल दाबलं की गाडी मागं जाते. पेट्रोलची टाकी सीटखाली आणि पंप नाही, पेट्रोल उताराच्या जोरावर इंजिनात जायचं. त्यामुळं चढ मोठा आणि टाकी अर्धीमुर्धी असली की इंजिन उपाशी. मग ड्रायव्हर गाडी उलटी फिरवायचे आणि रिव्हर्समध्ये चढ चढवायचे! सुरू करायला पुढून हँडल मारायचं, आणि त्या हँडलनं उलटा झटका दिला तर मनगट गेलंच समजा.

आता त्या 'ओरिजिनल'कडं येतो. फोर्डनं हा ट्रक विकायला काढला तेव्हा तो नुसता सांगाडा होता. इंजिन, चेसिस, चाकं. १९१७ मध्ये अमेरिकेतली किंमत ६०० डॉलर, आणि बॉडी ज्याची त्यानं बांधून घ्यायची. साम्राज्यातल्या बहुतेक देशांत जायची ती कॅनडातल्या फोर्डची गाडी. याच कॅनडाच्या कंपनीनं १९२६ मध्ये आपल्या देशात शाखा काढली. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना टाकून शेवरोलेची जुळणी सुरू केली. पण गाडी कुठलीही असो, हौदा आणि फाळका बांधणारा सुतार आणि त्याला पट्ट्या ठोकणारा लोहार आपल्याच पेठेतला. तिथं माल भरला तर तो ट्रक, बाकडी ठोकली तर तीच सर्व्हिस मोटार. म्हणजे जाहिरातीतल्या गाडीचा अर्धा भाग डेट्रॉइटनं कधी बघितलेलाच नाही. माझ्या मते खरी किंमत त्या अर्ध्याची आहे.

या गाड्यांनी रस्त्यांची काय दैना केली तेही सांगायला हवं. खडी-मुरमाच्या सडका बैलगाड्यांच्या हिशेबानं केलेल्या. त्यांची दुरुस्ती लोकल बोर्डांच्या गळ्यात आणि बोर्डांकडं पैसा नाही. म्हणून १९२७ मध्ये सरकारनं एक समिती नेमली. अध्यक्ष आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, तेच जे पुढं पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समितीचं म्हणणं होतं की पेट्रोलवर जादा कर लावा आणि तो पैसा रस्त्यांसाठीच वेगळा ठेवा. १९२९ मध्ये गॅलनमागं दोन आण्यांचा कर आला आणि त्यातून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. आज पंपावर लिटरमागं आपण जो रस्त्याचा उपकर भरतो (आणि नंतर खड्डे मोजतो), त्याचं मूळ तिथं आहे.

पुढं रेल्वे ओरडायला लागली की मोटारवाले आमचं भाडं पळवतात. मग १९३९ चा मोटार वाहन कायदा आला आणि त्याबरोबर परमिट. ट्रकच्या कपाळावर 'पब्लिक कॅरिअर' रंगवायची पद्धत त्याच कायद्यातली. १९८८ च्या नव्या कायद्यानं तो शब्द काढला तरी कितीतरी वर्षं तो ट्रकांवर दिसत राहिला. मधे महायुद्ध, पेट्रोलला रेशन, आणि कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चालणाऱ्या गाड्या. १ जून १९४८ ला एसटी सुरू झाली आणि प्रवासी वाहतूक हळूहळू सरकारकडं गेली. मालाची खासगी लोकांकडंच राहिली.

मग १९५३-५४ मध्ये फोर्ड आणि जनरल मोटर्स दोघांनीही इथलं दुकान आवरलं, कारण सरकार म्हणालं, नुसती जुळणी नको, गाडी इथं बनवा. १९५४ पासून जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीजचे ट्रक यायला लागले. जुन्या गाडीवाल्यांना स्पेअर मिळेना. मग लेथवर पार्ट ओतून-कातून घ्यायचे, पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवायचं. काम करणारा ट्रक असाच जगला, बदलत बदलत.

आणि इथंच कायद्याची गंमत आहे. २०२१ मध्ये केंद्रानं विंटेज गाड्यांसाठी नियम केले. गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी हवी, मूळ रूपात हवी, मोठा फेरबदल नको. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. नियम वाईट नाही. पण तो राजेरजवाड्यांच्या गॅरेजमध्ये कापड पांघरून ठेवलेल्या मोटारीला शोभतो. ज्यानं चाळीस वर्षं गूळ वाहिला, त्या ट्रकनं मूळ रूप कुठून आणायचं? त्यात मॉडेल टीचा नंबर बहुतेक वर्षं फक्त इंजिनवर ठोकलेला असायचा. इंजिन बदललं की गाडीची जन्मतारीखच गेली.

तेव्हा ज्याला कुणाला तो ट्रक घ्यायचाय, त्याला माझं हात जोडून सांगणं. आधी इंजिनच्या डाव्या बाजूला, पाण्याचा पाइप आत जातो त्याच्या वर, नंबर शोधा. कागद मागा. सँडब्लास्टिंग आणि चकचकीत लाल रंग मारायच्या आधी हौद्याची एकेक फळी, फाळक्यावरची पुसट अक्षरं, पट्ट्यांवरचे ठोके, सगळ्याचे फोटो काढा. पुसट अक्षरांत मालकाचं नि गावाचं नाव असू शकतं. एकदा रंग चढला की ते संपलं.

आणि बाकीच्यांना. तुमच्या घरी आजोबा-पणजोबांची गाडी होती, ट्रक किंवा सर्व्हिस मोटार, तर माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्या उघडा. जुनी परमिटं, लायसन, मालाच्या पावत्या, गाडीपुढं उभं राहून काढलेला फोटो. रद्दीत घालू नका. मूळ कागद तुमच्याकडंच ठेवा, मला नुसता मोबाइलवर फोटो काढून इनबॉक्समध्ये पाठवा. सोबत गाव आणि साधारण साल लिहा.