काचेपलीकडची आई

काही वर्षांपूर्वी कोथरूडमधल्या एका रुग्णालयात माझी नात सातव्या महिन्यातच जन्मली. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टर रोज वजनाचे, ऑक्सिजनचे आकडे सांगत. माझी मुलगी सगळं ऐकून एकच विचारी, "अब्बा, मी तिला हात कधी लावू?" बाळाला काय हवं, याची आईची यादी वेगळीच होती : ऊब, दूध आणि ओळखीचा आवाज.

या दोन याद्यांचा इतिहास सव्वाशे वर्षांचा आहे. पॅरिसचे डॉ. प्येर ब्युदँ अपुऱ्या दिवसांच्या बाळांना काचेच्या पेटीत ठेवत, पण आईनं जवळ असावं, अंगावर पाजावं, असा त्यांचा आग्रह होता. दूर ठेवलेल्या आईची माया आटते, हे त्यांनी १९०० मधल्या पुस्तकात नोंदवलं. पुढे या पेट्या न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडच्या जत्रेत गेल्या. तिथं १९०३ ते १९४३ मार्टिन कूनी तिकीट लावून बाळं दाखवत आणि त्या पैशांतून ती वाचवत. नंतर रुग्णालयांनी पेटी घेतली. जंतूंच्या भीतीनं आईला मात्र दाराबाहेर ठेवलं.

ते दार उघडलं गरिबीनं. कोलंबियातल्या बोगोटात पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा १९७८ च्या सुमारास डॉ. एडगर रे यांनी बाळं आयांच्या छातीशी बांधली. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात बाळं पुष्कळ, परिचारिका थोड्या. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आयांनाच देखभालीत घेतलं, वरचं दूध बंद केलं. १९८९ मध्ये तिथं आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. आमच्यात दुधाचं नातं रक्ताइतकंच मानतात. त्या पेढीत अशी किती नाती जुळली असतील!

श्वासाला यंत्र लागतं, हे खरंच. पण २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतला अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता, जन्मल्याबरोबर छातीशी धरलेल्या कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू सुमारे पाव हिश्शानं घटले होते. म्हणजे आईची यादी हीसुद्धा उपचारांचीच यादी होती.

नवव्या दिवशी परिचारिकेनं माझ्या मुलीला आत बोलावलं, बाळ तिच्या छातीवर ठेवलं. तासाभरानं ती बाहेर आली. म्हणाली, "अब्बा, झोपली." त्या दिवशी आकडे विचारायचं मी विसरलो.