छाट

सिन्नरमध्ये आउटसोर्सिंग कॉल सेंटरच्या खूप आधी आलं. त्याचं नाव कुणी आउटसोर्सिंग ठेवलं नाही, एवढंच.

बिडी कारखान्यातून किंवा सट्टेदाराकडून टेंभुर्णीची पानं, तंबाखू आणि दोरा घरी न्यायचा. पानं भिजवायची, कातरायची, बिड्या वळायच्या, आणून द्यायच्या. मजुरी हजारी. हे काम बहुतांशी बायकांचं. जागा, दिवाबत्ती, सूप, कात्री सगळं त्यांचंच. कंपनीचं व्यवस्थापन त्यांना भेटायचं ते एकाच ठिकाणी, तपासणीच्या टेबलावर. वाकडी, सैल, पान फाटलेली बिडी बाजूला पडायची. ती 'छाट'. तिची मजुरी नाही.

दर्जा राखायला छाट हवीच. ढिली बिडी गिऱ्हाईक दुसऱ्यांदा घेत नाही. पण पानं कोण देतं? कारखाना. पानं खराब आली तर छाट वाढते आणि भुर्दंड वळणारीला. शिवाय छाट काढणाराच मजुरी देणारा असेल, तर ती दर्जासाठी काढली की पैसे वाचवायला, हे टेबलापलीकडे उभ्या बाईने कसं ओळखायचं?

1958 मध्ये मुंबई सरकारने बिडी कामगारांचं किमान वेतन ठरवलं आणि त्याच अधिसूचनेत छाटीच्या भांडणांचीही सोय केली. त्यावरून सिन्नरचे कारखानदार भिकुसा यमासा क्षत्रिय आणि संगमनेर-अकोला तालुका बिडी कामगार युनियन यांच्यातला वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने वेतनाचे दर कायम ठेवले, छाटीची कलमं मात्र उडवली: दर ठरवण्याच्या अधिकारात तंटे सोडवण्याचा अधिकार येत नाही. कायद्याच्या भाषेत चोख. पण दर कागदावर कितीही असो, शंभरातल्या वीस बिड्या बाजूला काढल्या की तो आपोआप उतरतो.

म्हणून 1966 चा बिडी व सिगार कामगार कायदा मला महत्त्वाचा वाटतो. घरी बसून वळणारीही त्यात कामगार ठरली, आणि कच्चा माल व छाट यांवरचे तंटे कुठे न्यायचे हेही त्यात आलं. महाराष्ट्राच्या नियमांनी छाटीला साधारण 5 टक्क्यांची मर्यादा घातली. मालकांनी पुन्हा कोर्ट गाठलं. 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला.

आज नाशिकच्या बीपीओत कॉलला क्वालिटी स्कोअर मिळतो. तो कापला गेला तर इन्सेंटिव्ह जातो. सिन्नरच्या बाईला निदान तिची नाकारलेली बिडी समोर दिसत होती.