घाटात फुटावं, माथ्यावर भेटावं

सांगली-साताऱ्याकडच्या सायकल ग्रुपांत एका नियमाला आता जवळपास धर्मशास्त्राचा मान मिळाला आहे. घाट चढताना कुणालाही मागे टाकायचं नाही, आणि म्हणून सगळ्यांनी सर्वांत हळू चालवणाऱ्याच्या वेगाने चढायचं. नियम ऐकायला इतका सज्जन आहे की त्याविरुद्ध तोंड उघडणारा लगेच घमेंडखोर ठरतो. तो आरोप पत्करूनच सांगतो: या नियमाचा पहिला भाग बरोबर आहे, दुसरा चूक आहे, आणि दुसऱ्यामुळे पहिलाही पाळला जात नाही.

आधी पूर्वपक्ष. वाईवरून पसरणी घाटाकडे निघणाऱ्याने तर ही शिस्त पाळायलाच हवी. प्राज्ञपाठशाळेचं आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींचं ते गाव. तिथे प्रतिपक्षाचं म्हणणं त्याच्याहून चांगलं मांडल्याशिवाय खोडायला बसणं शोभत नाही. तर प्रतिपक्ष म्हणतो, घाटात एकटा पडलेला सायकलस्वार असुरक्षित असतो. पंक्चर झालं, चेन तुटली, पायात गोळे आले, चक्कर आली, तर शेजारी माणूस हवा. दुसरं, जो एकदा मागे पडून एकट्याने रडतखडत वर पोचतो, तो पुढच्या रविवारी येत नाही. आणि तिसरं, ही शर्यत नव्हे. वेगाने जायचं असेल तर एकट्याने जावं, ग्रुप कशाला हवा?

तिन्ही मुद्दे खरे आहेत. मात्र त्यांतून ‘सगळ्यांनी एका वेगाने चढावं’ हा निष्कर्ष निघत नाही. हेतू बरोबर आणि साध्य भलतंच, असा हा प्रकार आहे.

हा नियम आला कुठून, ते पाहू. माझ्या मते तो सपाटीवरून आला. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांवर आहे आणि वाई सातशेच्या थोडी वर. कृष्णेच्या खोऱ्यातून उलटं वर जात सांगली, कराड, सातारा, वाई असा प्रवास केला तर दीडशेहून जास्त किलोमीटरांत उंचीचा निव्वळ फरक दोनशे मीटरांच्याही आत राहतो. सांगली-मिरजेच्या माणसाला जवळचा चढ म्हणजे दंडोबाचा डोंगर. तिथे मागे-पुढे झालेली मंडळी थोड्याच वेळात एकत्र येतात. अशा मुलखात ‘सगळे बरोबर’ हा नियम आपोआप पाळला जातो, कारण तो वारा पाळून घेतो. सपाटीवर ताशी अठ्ठावीसच्या वेगाने जाताना लागणाऱ्या जोरातला सुमारे तीन चतुर्थांश हिस्सा हवा कापण्यात जातो. पुढच्याच्या मागे लपलं की एक चतुर्थांश ते एक तृतीयांश कष्ट वाचतात. म्हणजे दुबळ्याला तगड्याची खरोखर मदत होते. तगडा पुढे राहून वारा खातो, दुबळा मागे राहून टिकतो, आणि दोघेही एका वेगाने, आपापल्या ताकदीनुसार चालवत असतात.

आता पसरणीचा घाट घ्या. वाईपासून पाचगणी बारा-तेरा किलोमीटर, आणि तेवढ्यात साडेपाचशे मीटरांहून जास्त चढ. दीडशे किलोमीटरांत कृष्णाकाठ जेवढा वर येतो त्याच्या जवळपास तिप्पट इथे बारा-तेरा किलोमीटरांत चढायचा आहे. ताशी नऊ किलोमीटरने रांगताना हवेचा अडथळा एकूण जोराच्या पाच टक्केही नसतो. उरलेला जवळजवळ सगळा जोर स्वतःचं आणि सायकलचं वजन वर उचलण्यात जातो. हे ओझं दुसऱ्या कुणाला वाटून घेता येत नाही. पुढे कुणी असो वा नसो, फरक शून्य. म्हणजे एकत्र राहण्याने सपाटीवर जो फायदा होतो तो घाटात उरतच नाही, फक्त बंधन उरतं. सांगलीचा न्याय साताऱ्यात लावायचा तो असा.

आकडेच मांडायचे तर माणूस पंचाहत्तर किलोचा आणि सायकल तेरा किलोची धरा. सतत अडीचशे वॉट देऊ शकणारा हा घाट पाऊण तासात चढेल. एकशे वीस वॉटवाल्याला एक तास वीस-पंचवीस मिनिटं लागतील. चाळीस मिनिटांची ही दरी कुणाच्या स्वभावातून आलेली नाही. ती उंचीतून आली आहे. सद्भावनेने ती मिटत नाही, फक्त झाकता येते.

झाकली की काय होतं? तगड्याचं फारसं काही बिघडत नाही. ‘आम्हाला हळू चालवावं लागतं’ या त्याच्या रडगाण्यात मला अजिबात रस नाही. हळू चालवल्याने फार तर त्याचा कॅडेन्स (पॅडल फिरवण्याची लय) बिघडतो आणि गुडघा थोडा कुरकुरतो. बळी जातो तो दुबळ्याचाच. कारण ‘सर्वांत हळू माणसाचा वेग’ ही कागदावरची गोष्ट आहे. घाटात त्याच्या शेजारी दोघे-तिघे आले, त्यातल्या एकाचं अर्धं चाक सतत पुढे राहिलं, कुणी गप्पा सुरू केल्या, की हा एकशे वीसचा माणूस नकळत एकशे चाळीस देऊ लागतो. मान खाली, धाप लागलेली, आणि विचारलं तर ‘ठीक आहे, ठीक आहे’. ताशी वेग वाढतो जेमतेम एक-दीड किलोमीटरने, पण तेवढ्यात तो आपल्या मर्यादेपलीकडे गेलेला असतो. सपाटीवर अशी चूक मागे लपून भरून काढता येते. घाटात भरून काढायला जागाच नसते. पंधरा-वीस मिनिटांत पाय भरून येतात आणि तो उतरून सायकल ढकलू लागतो. मग इतर सगळे थांबतात, वळून पाहतात आणि तो वर आला की टाळ्या वाजवतात. या टाळ्या मला फार खटकतात. चाळिशी-पन्नाशीतल्या कर्त्या माणसाला शाळेच्या स्नेहसंमेलनात उभं केल्यासारखं वाटावं, असा तो प्रकार असतो. प्रतिपक्षाला ज्या खच्चीकरणाची भीती वाटते, ते एकटं राहण्याने होत नाही, असं दहा जणांच्या देखत मागे पडण्याने होतं.

याहून मोठा अन्याय थांब्यावर होतो, आणि त्याकडे कुणाचं लक्षच नसतं. टपरी येईपर्यंत एका वेगाचा नियम मोडलेलाच असतो, आणि पुढचे वीस मिनिटं आधी पोचलेले असतात. त्यांचा चहा झालेला असतो, वडापाव झालेला असतो, फोटो झालेले असतात. शेवटचा येतो, हेल्मेटचा पट्टा काढतो, आणि कुणीतरी म्हणतं, ‘चला, सगळे आले, निघू या.’ सर्वांत जास्त दमलेल्याला सर्वांत कमी विश्रांती. हे सगळं ‘कुणाला मागे टाकायचं नाही’ या तत्त्वाखाली चालतं.

सुरक्षिततेबद्दलही थोडं. सात-आठ जणांचा घोळका ताशी सहा-सात किलोमीटरने वळणावर चढत असेल, तर प्रत्येक चाक थोडं थोडं डगमगत असतं. इतक्या कमी वेगात सायकल सरळ रेषेत राहत नाही. मागून महाबळेश्वरची गाडी येते, समोरून पर्यटकांच्या मोटारी उतरतात. कास पठाराकडे जाणाऱ्या यवतेश्वरच्या घाटात फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी काय गर्दी असते, ते सातारकरांना सांगायला नको. घोळक्याला ओलांडायला वाहनाला लांब जागा लागते. एकट्याला किंवा दोघांना ओलांडायला तेवढी लागत नाही. तेव्हा सोबतीला एक माणूस हवा, हे मान्य. दहा कशाला?

या नियमाला कंटाळलेल्यांचा एक दुसरा पंथ निघाला आहे. तो म्हणतो, मग फिटनेसप्रमाणे गट पाडा: पहिला, दुसरा, तिसरा, घाटावर मिश्र गट नेऊच नका. हा उपायही मला पटत नाही, आणि त्याचं कारण जरा मजेशीर आहे. फिटनेस ही एकच शिडी आहे असं तो पंथ गृहीत धरतो. नव्वद किलोचा, सतत अडीचशे वॉट देणारा गडी घ्या आणि पंचावन्न किलोची, एकशे नव्वद देणारी मुलगी. सपाटीवर गडी पुढे, कारण वाऱ्याला वजनाशी फारसं देणंघेणं नाही. चढावर मात्र बारा किलोची सायकल धरून हिशेब केला, तर त्याच्या वाट्याला किलोमागे अडीच वॉटही येत नाहीत, तिच्या वाट्याला पावणेतीनच्या वर येतात. कृष्णाकाठी जो पहिल्या गटात, तो पसरणीत तिसऱ्यात. मग त्याचा गट कोणता? आणि गिअरचा हिशेब तर यात आलेलाच नाही. पुढे चौतीस दात्यांची चकती आणि मागे अठ्ठावीसची असेल, तर ताशी सहाच्या वेगाला पॅडल मिनिटाला चाळीसही फिरत नाही. मागे चौतीसची लावली की तेच जवळजवळ पन्नास होतं. अनेकांचा ‘फिटनेस नाही’ हा निदानशब्द म्हणजे नुसता चुकीचा गिअर असतो.

गिअरवरून आंरी देग्रांज आठवतो. 1903 मध्ये ‘तूर द फ्रान्स’ सुरू करणारा हा पत्रकार. त्यानेच 1904 मध्ये फ्रान्समध्ये ‘ऑडॅक्स’ राईड सुरू केल्या: सगळ्यांनी कॅप्टनच्या मागे, ठरलेल्या एका वेगाने, एकत्र जायचं. आपल्याकडचा घाटाचा नियम हा त्याचाच दूरचा वंशज म्हणता येईल. पुढे 1921 मध्ये पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबचं आणि त्याचं बिनसलं, आणि क्लबने वेगळी पद्धत काढली. प्रत्येकाने आपल्या वेगाने जायचं, फक्त ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या वेळेच्या आत हजेरी लावायची. आज पुण्याहून सातारा रस्त्याने येणाऱ्या बीआरएम या लांब पल्ल्याच्या राईड याच पद्धतीच्या: दोनशे किलोमीटरांना साडेतेरा तास, मधे चेकपॉइंट, वेग ज्याचा त्याचा. हाच देग्रांज गिअर बदलण्याच्या यंत्राच्याही विरुद्ध होता. तूरमध्ये या यंत्राला, म्हणजे डिरेल्युअरला, परवानगी मिळाली ती 1937 मध्ये, त्याच्या हातून सूत्रं गेल्यावर. एकच वेग आणि एकच गिअर, या दोन हट्टांचा उगम एकाच डोक्यात असावा, हा मला योगायोग वाटत नाही. चढाला माणसागणिक वेगळं उत्तर लागतं, हेच त्याला मान्य नव्हतं.

इथे प्रतिपक्ष आपलं ब्रह्मास्त्र काढतो: वारी. लाखो माणसं, म्हातारी-कोतारी, पोरंसोरं, सगळी एकत्र चालतात की नाही? मग आमच्या पंधरा सायकलींना काय होतं?

हा दृष्टान्त मी आनंदाने स्वीकारतो, कारण तो माझ्या बाजूचा आहे. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त दिली ती हैबतबाबा आरफळकरांनी, म्हणजे साताऱ्याजवळच्या आरफळच्याच माणसाने, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. त्यांनी एकजूट कशावर उभी केली? दिंड्यांचा क्रम ठरवला, रथापुढच्या इतक्या, रथामागच्या इतक्या, मुक्काम ठरवले, आणि संध्याकाळी मुक्कामावर समाजआरतीला सगळे जमतील असं केलं. तिथे चोपदार उभा राहतो, दिंड्यांची गाऱ्हाणी ऐकतो, हरवल्या-सापडल्याची दवंडी होते. म्हणजे गणती मुक्कामावर होते, पावलापावलावर नाही. आणि दिवे घाट लागला की काय करतात? रथाला जास्तीच्या बैलजोड्या जुंपतात. नेहमीच्या बैलांना कुणी ‘मनाचा निश्चय करा’ म्हणत नाही, आणि बैल दमतात म्हणून सगळी वारीही रांगत नाही. आपल्या ग्रुपांत मात्र कुणी ई-सायकल घेऊन आलं की नाकं मुरडली जातात. नाकं मुरडणाऱ्यांनी पालखीच्या रथाकडे पाहून मग काय ते ठरवावं.

आता मंडन. घाटाच्या पायथ्याशी सगळे जमावेत आणि तिथून पुढे ग्रुप सरळ फुटू द्यावा. त्याहून चांगलं म्हणजे हळू चढणाऱ्यांनी अर्धा तास आधी निघावं. चाळीस मिनिटांची दरी असेल, तर शेवटच्या दोन-तीन किलोमीटरांत तगडे त्यांना गाठतात, आणि कुणी कुणाला सांभाळतोय हा भाव न येता सगळे दहा-एक मिनिटांच्या आत पाचगणीत पोचतात. मधला थांबा आधी ठरवलेला एकच. वळणावळणावर थांबून पाहत राहणं बंद. माथ्यावरची विश्रांती शेवटचा पोचल्यापासून मोजायची. पुढे जाणाऱ्यांना चैन पडत नसेल तर त्यांनी खाली उतरून पुन्हा चढावं; मागच्याची सोबत त्यात आपोआप होते, आणि ती उपकाराची राहत नाही.

उतारावर मात्र माझं मत वेगळं आहे. चढताना अंतर पडू द्यावं, उतरताना ते मुद्दाम ठेवावं, आणि ओलांडणं पूर्ण बंद. चढावर थकलेला हात ब्रेकवर लवकर सैल पडतो, आणि पावसाळ्यात पसरणीच्या सावलीतल्या वळणांवर शेवाळ असतं. तिथे पहिला आणि शेवटचा या शब्दांना अर्थ नाही. सगळ्यांनी खाली वाईत, पुढची वाट धरण्याआधी, मोजून घ्यावं.

राहिला प्रश्न मागच्या सोबतीचा. शेवटी दोघे असावेत. पंप, ट्यूब, चेन जोडायचं हत्यार आणि भरलेला फोन त्यांच्याजवळ. ही जागा सर्वांत तगड्याला देण्याची रीत आहे, आणि ती मोडायला हवी. तगड्याला हळू चढता येत नाही, आणि त्याचं अर्धं चाक पुढे राहतंच. शेवटून तिसरा-चौथा येणारा माणूस इथे बरा; त्याला आपल्या मागच्याचा श्वास ऐकून कळतं की बोलायचं की गप्प राहायचं. आणि हे काम पाळीने करावं. ज्याला आपल्या पाळीच्या दिवशी अचानक कॅडेन्सची आठवण होते, त्याने त्या रविवारी ग्रुपबरोबर येऊ नये; पसरणीचा रस्ता एकट्यालाही मोकळाच आहे.